उद्या दूध नको

आमच्या कराडशेजारच्या मलकापुरात लालासाहेब थोरातांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि ते नेमकं करतात काय हे ओळखणाऱ्यांतल्या निम्म्यांना सांगता यायचं नाही. "जुनं फोन जित्तं करत्यात," एवढंच लोक सांगतात. मी त्यांच्या समोर राहते. माझं माहेर वडूज. लग्न होऊन इथं आले, प्राथमिक शाळेत पोरं शिकवली, निवृत्त झाले, आणि आता रोज सकाळी कुंपणापाशी उभी राहून समोरच्या घरात काय चाललंय ते बघते. हे मी कुणापासून लपवत नाही. लालासाहेबांबद्दल लिहायला बसले की मला अजून राग येतो, तेही आधीच सांगून टाकते.

हा माणूस फौजेत सिग्नलला होता. हवालदार होऊन पेन्शनीवर आला. घरचा ऊस धाकटा भाऊ बघतो, यांना रानात कधी गोडी नव्हती. पेन्शनीवर आलेले आमच्याकडचे बरेचसे फौजी गावाला शिस्त लावायला निघतात आणि वर्षभरात गाव त्यांना गप्प करतं. लालासाहेबांनी असलं काही केलं नाही. पुढच्या खोलीत एक टेबल टाकलं, त्यावर बारके स्क्रू-ड्रायव्हर, चिमटे, वायरी मांडल्या आणि तिथं बसले. बोलणं कमी. विचारलं की "ऑल ओके" म्हणायचे, मग ओके असो की नसो.

त्यांचं काम मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. कंपनी फोन विकते, काही वर्षं सांभाळते आणि मग हात झटकून मोकळी होते. फोन धडधाकट असतो, पण आतली यंत्रणा जुनी पडते. आज हे ॲप उघडत नाही, उद्या ते. लोक फोन कपाटात टाकतात नाहीतर भंगारात घालतात. पण जगात कुठंकुठं हौशी माणसं बसलेली असतात, ती अशा टाकून दिलेल्या फोनसाठी नवी यंत्रणा तयार करतात आणि कुणालाही फुकट देतात. एकेका मॉडेलला एकेक वाली असतो. लालासाहेब ती यंत्रणा उतरवून घ्यायचे, कंपनीचं कुलूप काढायचे आणि जुनं पुसून नवं बसवायचे.

"आणि ती माणसं हे फुकट कशाला करतात?" मी विचारलं.

"तुमी जास्वंदीची फुलं आख्ख्या आळीला देताय, ती कशाला देताय बाई?" ते म्हणाले. मास्तरणीलाच कुणी उलटा प्रश्न विचारला की तिला राग येतो.

पण हे सगळं त्यांनी हौसेनं सुरू केलं नव्हतं. ते सुरू झालं सुलाबाईमुळं.

सुलाबाई म्हणजे त्यांची बायको. तिचा आवाज असा होता की तिनं दारातून हाक मारली तर हायवेवरचा ट्रक थांबेल, असं आम्ही तिला चिडवायचो. भाजीवाल्याशी बोलली तरी आळीला वाटायचं भांडण लागलंय. मनानं मात्र लोण्यासारखी. माझ्या बाळंतपणात माझी आई पोचायच्या आधी हीच पोचली होती. तिला एकच खोड, तंबाखूच्या मिश्रीची. सकाळ-दुपार-संध्याकाळ डबी हातात. मी किती वेळा ती डबी हिसकावून फेकून दिली असेल. दुसऱ्या दिवशी नवी डबी हजर.

मग तिचा आवाज बसला. थंडीनं बसला असेल म्हणून हळद-दूध झालं, काढे झाले. आवाज उठेना. सांगलीला दिलेली तिची मुलगी शिवांजली येऊन तिला घेऊन गेली आणि मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं. गळ्यात गाठ होती. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. जगेल, पण बोलता येणार नाही.

दवाखान्यातल्या एका बाईंनी एक गोष्ट सुचवली. ऑपरेशनच्या आधी तिच्या आवाजात रोजची वाक्यं भरून ठेवा. तसलं ॲप असतं. पडद्यावर बटणं असतात, बटण दाबलं की वाक्य ऐकू येतं. शिवांजलीच्या कॉलेजच्या दिवसांतला एक मोठा टॅब होता, सुलाबाई त्याच्यावर मालिका बघायची, तो तिच्या हाताच्या सवयीचा होता. पण त्याची यंत्रणा इतकी जुनी की ते ॲप त्यावर बसेना. शिवांजली म्हणाली नवीन घेऊ. सुलाबाई हटून बसली. "माझ्या लेकीचा टॅब हाय. ह्यालाच बोलता करा," म्हणाली, त्या बसलेल्या आवाजात. आणि नवऱ्याकडं बघितलं.

लालासाहेबांनी त्या आठवड्यात, सांगलीच्या जावयाच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हे काम शिकून घेतलं. त्या टॅबचा वाली पोलंडकडचा कुणीतरी होता. त्याचं नाव यांना नीट उच्चारता यायचं नाही, म्हणून हे त्याला 'आपला पोलंड' म्हणायचे. त्याला मोडक्या इंग्रजीत विचारायचं, त्यानं उत्तर द्यायचं, यांनी करून बघायचं. टॅब दोनदा मेल्यासारखा पडला आणि दोनदा उठला. शेवटी नवी यंत्रणा बसली, ॲप बसलं. लालासाहेबांनी पोलंडला 'गुड वर्क सर' असं लिहून पाठवलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. शिवांजलीनं मला हे नंतर सांगितलं.

वाक्यं भरायला मी मुद्दाम सांगलीला गेले होते. मला वाटलं होतं लेकीसाठी आशीर्वाद भरेल, देवाचं काहीतरी भरेल. सुलाबाईनं डोळे मिटले आणि आपला रोजचा दिवस डोळ्यांसमोर आणला.

"सकाळी पयला कोन येतो? भाऊसो," ती म्हणाली. भाऊसो आमच्या आळीचा दूधवाला. "तर पयलं त्येचं भरा." आणि टॅबकडं तोंड करून, जितका निघेल तितका आवाज काढून म्हणाली, "उद्या दूध नको."

मी म्हटलं, "अगं, दूध पाहिजे असं भर की. नको काय?"

"पायजे कशाला भरायचं? त्यो रोज घालतोयच की. नको आसंल तवाच बोलावं लागतं, बाई."

तिचं खरं होतं. मग पुढची वाक्यं आली. "कोन हाय? दार ढकला, उघडंच हाय." "तुमची बी लाईट गेली का?" "मीठ कमी हाय." "आवं, ऐकताय का?" हे खास नवऱ्यासाठी. "गप बसा." हे कुणासाठीही. लेकीसाठी "शिवू, जेवलीस का?" भरलं, आणि ते भरताना मात्र तिचा आवाज फाटला, परत भरू म्हटलं तर नको म्हणाली, राहू दे तसंच. शेवटी मी म्हटलं, एक उखाणा घे. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, सहीच्या कागदावरसुद्धा मला लिहायला लावायची. लाजली. मग लालासाहेबांना बाहेर जायला सांगितलं, आणि ते बाहेर गेल्यावर भरला.

"मिरजेच्या वाटेवर उसाला आला तुरा, लालासाहेबांचं नाव घेते, कान इकडं करा."

माणूस दाराच्या मागंच उभा होता. सगळं ऐकलं आणि आत येऊन "ऑल ओके?" म्हणाला.

ऑपरेशन झालं. गळ्याला छिद्र, त्यातून श्वास, वर बांधलेलं पांढरं फडकं. सुलाबाई घरी आली ती टॅब छातीशी धरूनच. पहिले काही दिवस आम्हाला त्या टॅबचं भय वाटायचं, मग सवय झाली, मग गंमत वाटायला लागली. टीव्हीवर पुढारी ओरडायला लागला की ती टॅब उचलायची आणि "गप बसा." मी दारात दिसले की "दार ढकला." जेवताना लालासाहेब गप्प बसले की उखाणा लावायची. दिवसातून दहा वेळा लावायची. ते कान लाल करून भात चिवडत राहायचे. दूध नको असेल तेव्हा ते बटणाचं वाक्य भाऊसोच्या फोनवर पाठवायची. लालासाहेबांनीच तशी सोय करून दिली होती, म्हणजे फाटकापर्यंत चालत जायला नको.

तो टॅब म्हणजे आता त्यांच्या घरातला एक जीव होता, आणि त्याला जगवणं हे लालासाहेबांचं काम. पोलंड दर महिन्याला बारकी दुरुस्ती करून पाठवायचा. ती जुन्याच्या वरच बसते, आतलं काही जात नाही. तरी हा माणूस इतका सावध की आधी कधीच सुलाबाईच्या टॅबला हात लावायचा नाही. कुपवाडला एक कारखाना बंद पडला होता, तिथं कामगारांची हजेरी घ्यायला नेमका तसलाच टॅब होता. तो भंगारात निघाला, तो यांनी मिळवला. नवीन काहीही आलं की आधी त्या हजेरीच्या टॅबवर बसवायचं, आठवडाभर चालवून बघायचं, मग सुलाबाईच्या. दोन्ही टॅब काळे, एका साच्यातले. ओळखू यावेत म्हणून सुलाबाईच्या टॅबच्या पाठीवर दवाखान्यातली चिकटपट्टी लावली होती आणि तिच्यावर पेननं 'सु' लिहिलं होतं. शिवाय दर वेळी ॲपची एक कॉपी कॉम्प्युटरवर काढून ठेवायचे. कॉपी उघडून बघायचे, सगळी बटणं जागच्या जागी दिसायची, मग बंद करायचे.

याच काळात लोकांचे फोन यायला लागले. टॅब बोलता केला म्हणजे फोन काय, असं लोकांना वाटलं. कराडातून, उंब्रजातून, कुठून कुठून लोक यायचे. टेबल फोनांनी भरून गेलं. सुलाबाईला ते आवडायचं. आलेल्या माणसाला "दार ढकला" म्हणायची आणि चहा टाकायची.

अशी काही वर्षं गेली, आणि मग ती खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातली हत्यारं धुऊन पुसून पुजतात. शेतकऱ्याचा कोयता-खुरपं, गवंड्याची थापी, शिंप्याची कात्री. मी अजून खडूचा डबा ठेवते. त्या दिवशी हत्याराला सुट्टी, हात लावायचा नाही. लालासाहेबांच्या घरी स्क्रू-ड्रायव्हर, चिमटे, सगळं पाटावर मांडायचे. त्या वर्षी सुलाबाईनं दोन्ही टॅबसुद्धा मांडायचे ठरवले. तिचं म्हणणं रास्तच होतं. लालासाहेबांचं पोट पेन्शनीवर चालत होतं, पण तिचं बोलणं त्या टॅबवर चालत होतं. लालासाहेबांनी दोन्ही टॅब बंद केले, "आज ह्येंनाबी आराम" म्हणाले, आणि अंघोळीला गेले.

सुलाबाईनं टॅब पुसायला घेतले. पूजेची वस्तू कशी लख्ख पाहिजे. तिच्या टॅबच्या पाठीवरची ती चिकटपट्टी काळी पडली होती, कडा उचलून मळ धरला होता. असली घाण पाटावर कशी ठेवायची? गळ्याची नळी पुसायचं स्पिरिट घरात होतंच. तिनं घासून पट्टी काढून टाकली. आपला टॅब उजव्या अंगाला ठेवला, त्यावर मोठा झेंडू वाहिला, दुसऱ्यावर शेवंती. हळदकुंकू लावलं. तिला तिचा टॅब कळत होता. आणि नवऱ्याला सांगायचं झालं तरी कशानं सांगणार? बोलणं पाटावर पुजून ठेवलं होतं. त्या दिवशी ती हात जोडून, हसून, खुणांनी बोलत होती. मी प्रसादाला गेले तेव्हा मला टाळी वाजवून आत बोलावलं होतं.

दसऱ्याची सकाळ. पोलंडनं त्या वेळी मोठी नवी आवृत्ती दिली होती. सुलाबाईच्या ॲपनं बरेच दिवस सूचना लावली होती की आता जुन्यावर मी चालणार नाही, म्हणून ही आवृत्ती बसवणं भागच होतं. ही मात्र जुन्याच्या वर बसत नाही. आतलं सगळं साफ पुसावं लागतं. म्हणून आधी हजेरीचा टॅब. आणि नवं काम दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायचं, हे आमच्याकडं पोरालाही माहीत असतं. लालासाहेबांनी पाटावरची फुलं गोळा केली, निर्माल्यात टाकली. एक टॅब उचलला. उलटा करून पाठ बघितली. पट्टी नाही. म्हणजे हजेरीचा. दुसऱ्याची पाठ त्यांनी बघितली नाही. कशाला बघतील?

बंद टॅबची दोन बटणं एकदम दाबून धरली की तो थेट दुरुस्तीच्या पडद्यावर उघडतो. घरचा पडदा, ती बटणं, काही दिसत नाही. तिथूनच पुसतात, तिथूनच नवं बसवतात. लालासाहेबांनी नेहमीसारखं केलं. हात बसलेला होता.

मी गोड कडाकण्यांचं ताट घेऊन गेले तेव्हा ते टेबलापाशी बसले होते, हातातल्या टॅबवर नव्या यंत्रणेचं रंगीत चाक फिरत होतं. सुलाबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. मला बघून तिला "दार ढकला" म्हणायचं असणार, दार उघडंच होतं तरी. तिनं पाटावरचा टॅब उचलला, सुरू केला. तिची बटणं नव्हती, हजेरीच्या टॅबचा कोरा पडदा आला. ती बघत राहिली. मग तिनं नवऱ्याच्या हातातल्या टॅबकडं बघितलं.

लालासाहेबांनी तो उलटा केला. मग उठून तिच्या हातातला घेऊन तो उलटा केला. दोन्ही पाठी लख्ख होत्या.

"पट्टी कुठाय? आगं, पट्टी कुठं गेली?" ते म्हणाले. तिनं दोन बोटांनी घासल्याची खूण केली. आणि मग तिला कळलं. तिनं हात तोंडावर नेला, गळ्याच्या छिद्रातून नुसता वारा सूं सूं येत होता. बाई ओरडत होती आणि घरात आवाज नव्हता. मी आयुष्यात पुष्कळ रडणं ऐकलंय, पण ते न ऐकू आलेलं रडणं माझ्या कानातून जात नाही.

"कापी हाय, कापी हाय," म्हणत लालासाहेब कॉम्प्युटरकडं धावले. ॲप परत बसवलं, कॉपी टाकली. बटणं आली. 'दूध', 'दार', 'शिवू', 'गप बसा', सगळी आपापल्या जागी आली, चित्रांसकट. लालासाहेबांनी पहिलं दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. ॲपनं इतकी वर्षं कॉपीत बटणं दिली होती, आवाज आपल्यापाशीच ठेवला होता, आणि तो आता पुसला गेला होता. त्यांनी एकेक करत सगळी बटणं दाबली. उखाण्याचं बटण ते दाबतच राहिले. शेवटी मी त्यांचा हात धरला आणि वाट्टेल ते बोलले. एवढे फौजी, एवढे सावध, एकदा कान लावून ऐकता आलं नाही कॉपीला? सणासुदीला मुहूर्त हवा होता तुम्हाला! सुलाबाईनं मला गप्प बसायची खूण केली, आणि नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

त्यांनी पोलंडला लिहिलं. त्यानं मोठं उत्तर पाठवलं, त्याचा अर्थ एवढाच की आतली कुलपाची किल्लीच पुसली गेली आहे, आता कुणालाच ते उघडता येणार नाही, आणि मला फार वाईट वाटतं. सांगलीला दाखवून झालं, पुण्याला झालं. सगळीकडं तेच उत्तर. शिवांजलीच्या लग्नाची फिल्म काढून बघितली. सुलाबाई फिल्मभर हिंडतेय, कुणाला रागावतेय, कुणाला वाढतेय, तोंड सारखं हलतंय, आणि वरून सनई-बँडचं गाणं लावलेलं. फोनवर ती लेकीशी रोज बोलायची, पण रोज बोलणाऱ्या माणसाचं बोलणं कोण साठवून ठेवतो?

शिवांजलीनं टॅबमध्ये तयार आवाज बसवून दिला. लिहिलेलं वाचून दाखवणारी एक बाई. सुलाबाईनं लिहिलं, "जेवायला चला." ती बाई बातम्या दिल्यासारखी म्हणाली, "जेवायला चला." सुलाबाईचे खांदे हसून हलले. मग मी आणून दिलेली शाळेची पाटी ओढून तिनं लिहिलं, 'ही बाई माझ्या घरात नको.' त्यानंतर ती टाळ्यांवर आली. दोन टाळ्या म्हणजे नवरा, तीन म्हणजे मी.

लालासाहेबांनी लोकांचे फोन घेणं बंद केलं. टेबलावर चादर टाकली.

एके दिवशी सकाळी भाऊसो दुधाची गाडी फाटकात लावून आत आला. गावातली बातमी त्याच्या कानावर थोडी उशिराच पोचते. त्याला हे त्या दिवशी कळलं होतं.

"दादा, वैनींचा आवाज माज्यापाशी हाय की," तो म्हणाला. "माज्या फोनात लय हायत."

मी कुंपण ओलांडून कशी गेले मला आठवत नाही. भाऊसोनं फोन काढला. खरंच ढीगभर निरोप होते, इतक्या वर्षांचे, एकाखाली एक. पहिला लावला. "उद्या दूध नको." तोच बसका, घासलेला, पण तिचा आवाज. सुलाबाईनं टेबलाची कड धरली. भाऊसोनं दुसरा लावला. "उद्या दूध नको." तिसरा. तोच.

"सगळं त्येच आसनार, दादा," भाऊसो हळू म्हणाला. "एकाच बटनाचं हायत नव्हं."

"लाव," लालासाहेब म्हणाले. "एकादं चुकून दुसरं दाबलं आसंल. लाव."

सगळे लावले. पार खालपर्यंत. लालासाहेब फोनला कान लावून ऐकत होते, आणि प्रत्येक वेळी सुलाबाई दूध नको म्हणत होती. बाहेर गाडीवर भाऊसोचं दूध उन्हात तापत होतं, त्यानं त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. चुकून दुसरं बटण तिनं कधीच दाबलं नव्हतं. फार नेमकी बाई होती.

ते एक वाक्य टॅबमध्ये बसवलं. एकच बटण. सुलाबाईनं त्याचा पुरेपूर वापर केला. निरोप पाठवणं सोडून आता ती स्वतः फाटकापर्यंत जायची. दूध हवं असलं तरी बटण दाबायची, भाऊसो "बरं वैनी" म्हणून गाडी वळवायचा, की ही टाळ्या वाजवून त्याला परत बोलवायची आणि पातेलं पुढं करायची. रोजचा खेळ झाला होता. लालासाहेब दारात उभे राहून बघायचे. त्या हसण्यानं त्यांच्या काळजाचं काय होत असेल, ते तेच जाणोत.

त्यांनी टेबलावरची चादरही काढली. सुलाबाईनंच ओढून काढली. पण काम बदललं. फोन घेऊन आलेल्याला ते आधी विचारायचे, "आत कुनाचा आवाज हाय का?" लोकांना कळायचं नाही. मग ते समोर बसवून घ्यायचे, कॉपी काढायचे, आणि म्हणायचे, "बगू नगा. ऐका. शेवटपतुर ऐका." कुणाच्या बापाचं भजन असायचं, कुणाच्या पोराचे बोबडे बोल. ते ऐकून झाल्याशिवाय ते फोन पुसत नसत. लोक घाई करायचे. मग मी कुंपणावरून ओरडायचे, ऐका गुमान.

पुढच्या पावसाळ्यात दुखणं परत उठलं. या वेळी मिरजेच्या डॉक्टरांनी फार काही सुचवलं नाही. शेवटी शेवटी नाकात घातलेल्या नळीतून नुसतं दूध जायचं, त्यामुळं दूध रोजच लागायचं आणि ते बटण दाबायची वेळ आली नाही. एकदा मी पाय चेपत बसले असताना तिनं पाटी मागितली आणि लिहिलं, 'पट्टी मी काढली. त्यांना बोलू नका.' ती गेली त्या दिवशी भाऊसोनं दूध आणलं होतं, ते तसंच झाकून राहिलं.

लालासाहेब आता एकटे असतात. शिवांजली सांगलीला चला म्हणते, जात नाहीत. टॅब चार्ज करतात, पोलंडची दुरुस्ती आली की बसवतात. बटण मात्र त्यांनी कधी दाबलेलं मी ऐकलं नाही. स्वतः कोरा चहा पितात, दुधाला हात लावत नाहीत, आणि भाऊसोकडून दूध मात्र रोज घेत होते. ते पातेलं माझ्याकडं यायचं. "बाई, तेवडं दूध ठिवा." मी दही लावलं, साय साठवून तूप केलं, मांजराला घातलं. शेवटी माझं डोकं फिरलं.

"रोज कशाला घेता?" मी म्हटलं. "तोंड नाही का तुम्हाला? सांगा की त्याला, उद्या दूध—"

पुढचं मला म्हणवेना. ते पातेलं तसंच माझ्या हातात देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसोनं गाडी त्यांच्या फाटकाशी लावली, पाय खाली टेकवला आणि कॅनचं झाकण उघडलं. लालासाहेब आतून आले. हातात पातेलं नव्हतं, टॅब होता. फाटकापाशी थांबले. त्यांचं बोट बराच वेळ त्या बटणावर नुसतं टेकलेलं होतं. भाऊसो माप हातात धरून थांबला. मी जास्वंदीच्या मागं उभी होते, माझ्यानं फुलं तोडवेनात.

मग त्यांनी दाबलं.

"उद्या दूध नको."

भाऊसोनं कॅनचं झाकण लावलं. लालासाहेबांकडं बघितलं नाही, टॅबकडं बघितलं.

"बरं, वैनी," तो म्हणाला, आणि गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी त्याची गाडी त्या फाटकापाशी थांबली नाही.